नाताळवाला तो फॉरवर्ड: लिहिणाऱ्याने काही वाचलं असतं तर बरं झालं असतं

आत्याने परवा तो लांबलचक मेसेज पाठवला आणि खाली एवढंच, "अरे, हे खरं आहे का?" आयुष्यभर उपासनेला जाणारी बाई, तिच्या जिवाला उगाच घोर लावला म्हणून लिहितोय, नाहीतर असलं काही आलं की मी सरळ डिलीट करतो.

मेसेज थोडक्यात असा: इजिप्तचा होरस, रोमनांचा मिथ्र, आपला कृष्ण हे सगळे 25 डिसेंबरला कुमारी मातेच्या पोटी जन्मले, तीच स्टोरी रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. 325 साली नायकियाच्या परिषदेत, म्हणजे बिशपांच्या सभेत, येशूला चिकटवली, बायबलमध्ये तारीखच नाही, म्हणून नाताळला आध्यात्मिक अर्थ वगैरे काही नाही.

आधी कृष्णच घेऊ. देवकीचं आठवं अपत्य, आणि कुमारी मातेच्या पोटी? आणि जन्माष्टमी डिसेंबरात कधीपासून यायला लागली? हे टाइप करताना हात कसा थांबला नाही माणसाचा! होरसची आई इसिस ही ओसिरिसची बायको, मेलेल्या नवऱ्यापासूनच तिला गर्भ राहतो अशी इजिप्तची कथा. मिथ्राला तर आईच नाही, रोमन शिल्पांत तो खडकातून बाहेर येतो, हातात सुरा आणि मशाल घेऊन. आता खडकालाच कुमारी म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

नायकियाची परिषद झाली हे खरं, पण भांडण आरियस नावाच्या धर्मगुरूच्या शिकवणीवरून होतं, पुत्र म्हणजे येशू हा पित्यासारखाच देव की देवाने निर्माण केलेला. ईस्टरच्या दिवसाबद्दलही ठरलं. नाताळचा विषयच नव्हता.

तारीख बायबलमध्ये नाही, हे मात्र कबूल. बाळ येशूला भेटायला आलेले तीन राजे म्हणतात त्यांचा आकडाही मत्तयने आपल्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, दिलेला नाही. 25 डिसेंबर ही तारीख रोमन सूर्यदेवाच्या सणावरून चोरली असंही लोक म्हणतात, तेही अगदीच खोटं नाही, ऑरेलियन सम्राटाने 274 मध्ये अजिंक्य सूर्याचं देऊळ उभारलं होतं. पण 25 डिसेंबर हा सूर्याचा जन्मदिवस असं सांगणारी सगळ्यात जुनी नोंद आहे 354 च्या एका रोमन संग्रहात, आणि त्याच संग्रहातल्या दुसऱ्या यादीत त्याच तारखेला ख्रिस्त बेथलेहेमात जन्मला असंही आहे, आणि ही यादी मुळात 336 ची मानतात. आता कोणी कोणाचं चोरलं ते ठरवा यावरून.

खरा संताप येतो तो शेवटच्या वाक्याचा. तारीख नाही म्हणून अर्थ नाही? पणजीचा जन्मदाखला सापडला नाही म्हणून पणजी जन्मलीच नव्हती का? ख्रिस्ती विश्वासात प्रश्न कधी जन्मला हा नाहीच, कोण जन्मला हा आहे. शुभवर्तमान लिहिणारा योहान तर गोठा, मेंढपाळ, तारा यातलं काहीच सांगत नाही, एका ओळीत संपवतो: शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली. प्रेषित पौलाचं बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र तर चारही शुभवर्तमानांच्या आधीचं धरतात, म्हणजे कॉन्स्टंटाइनच्या अडीचशे वर्षं आधीचं, आणि त्यात स्वच्छ लिहिलंय की तो देवाच्या बरोबरीचा असून ते पद धरून बसला नाही, स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, आणि वधस्तंभावरच्या मरणापर्यंत खाली गेला. आता लूकचं शुभवर्तमान वाचा. देवदूत मेंढपाळांना सांगतो की तारणारा जन्मलाय, प्रभू जन्मलाय, आणि खूण काय देतो, तर बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलेलं बाळ! राजवाडा नाही, सैन्य नाही, जनावरांच्या चाऱ्याची जागा. देवाने लांबून हुकूम सोडला नाही, भूक लागणारं, रडणारं, मरू शकणारं शरीर घेतलं, आणि ते घेतलंच नसतं तर पुढे क्रुसावर मरणार कोण होतं? नाताळ आणि गुड फ्रायडे एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत, हे त्या मेसेजवाल्याच्या गावीही नाही.

सांता आणि झाड नंतरचं, ते न्या खुशाल. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन, म्हणजे कडक प्रोटेस्टंट, लोकांनी तर 1659 मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंडच लावला होता, 1681 पर्यंत तो कायदा होता, आणि त्यांचं कारणही हेच की हा सण बायबलमध्ये नाही. तारणासाठी देव माणूस झाला, यावर मात्र त्यांनी कधी शंका घेतली नाही.