मंडळी ओस पाडण्याचे सोपे उपाय

प्रिय बंधुभगिनींनो, ख्रिस्तात सलाम.

मागच्या महिन्यात आपल्या मंडळीची, म्हणजे आपल्या चर्चची, वार्षिक सभा झाली. अजेंड्यावर शेवटचा विषय होता 'मंडळीची वाढ'. चर्चा पाऊण तास चालली. त्यातली चाळीस मिनिटं कंपाउंडच्या भिंतीत गेली आणि पाच मिनिटं चहा कुणी सांगायचा यात. वाढीचं राहूनच गेलं. हरकत नाही. वाढ हा आपला प्रांतच नाही. घट मात्र आपल्याला उत्तम जमते, तेव्हा त्याच विषयावर चार अनुभवाचे बोल लिहून ठेवतो. पुढच्या समितीला उपयोगी पडतील.

पहिला उपाय, नवीन माणूस दिसला की त्याला उठवा.

प्रात्यक्षिक सांगतो. माझी भाची नर्स आहे. जूनमध्ये नगरहून पुण्यात नोकरीला आली. त्या रविवारी रात्रपाळी आठला संपली, चार्ज देता देता उशीर झाला, कपडे बदलून पीएमपी पकडून ती नऊला दहा कमी असताना दारात आली. उपासना साडेआठची. मागून तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसली, वर पंखा होता. बाक सहा माणसांचा, त्यावर तिच्यासकट तीन माणसं. दोन मिनिटांत एक मावशी आल्या, खांद्यावर बोट टेकवून म्हणाल्या, "बाळ, ही आमची जागा." पोर उठली, पर्स उचलली आणि दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसली. मावशी वाईट नाहीत हो. नाताळात त्यांच्या हातचे अनारसे मी दरवर्षी खातो. त्यांच्या सासूबाई त्याच पंख्याखाली बसायच्या, म्हणून त्याही बसतात.

आणि मी? मी पुढे कयरमध्ये, गाणाऱ्यांत. सगळं दिसत होतं. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं गीत चाललं होतं, कडवं संपू दे म्हणत उभा राहिलो. कडवं संपलं, दुसरं सुरू झालं.

दुसरा उपाय, दाखला मागा. याच्याइतकं रामबाण औषध नाही.

उपासनेनंतर ती बिचारी स्वतःहून सेक्रेटरीसाहेबांकडे गेली. "काका, इथं नाव घालायचंय." साहेबांनी मोठं रजिस्टर काढलं, नाव विचारलं, मोबाईल नंबर टिपून घेतला. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "आधीच्या मंडळीचा सभासदत्वाचा दाखला आणा." तिनं गावाकडे फोन लावला. तिकडून उत्तर आलं की वडिलांची वर्गणी लॉकडाऊनपासून थकली आहे, बाकी भरा मग दाखला. लॉकडाऊनमध्ये चर्चला कुलूप होतं. उपासना बंद, प्रभुभोजन बंद, पाळक घरी, सभासद घरी. चालू होती फक्त वर्गणी. कोविडलाही जी थांबवता आली नाही तिला मी काय थांबवणार! भाचीनं विचारलं, "मामा, प्रार्थनेला बसायला पण नो ड्यूज लागतं का?" हॉस्पिटलातली पोर, तिला तोच शब्द सुचला.

आता हे दाखल्याचं वेड आपल्याला कुठून लागलं? नारायण वामन टिळकांचा फोटो आपल्या हॉलमध्ये लावलेला आहे, दरवर्षी हारही घालतो. 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' भरवून बसला. त्या दरबारात बाप्तिस्मा झालेले चालायचे, न झालेलेही चालायचे. येशूच्या मागे यायचंय ना, मग ये आणि बस. दोनच वर्षांत टिळक गेले आणि दरबार काही फार फोफावला नाही, हेही खरं. पण दारात रजिस्टर ठेवून त्यांनी माणसं मोजली नाहीत. आमचे सेक्रेटरी तिथं असते तर टिळकांकडेच मागच्या मंडळीची पावती मागितली असती. बरं, दाखल्याला एरवी माझी ना नाही. लग्नाच्या वेळी लागतो, दफनभूमीत लागतो, कुणाचा बाप्तिस्मा कुठं झाला हे कुठंतरी लिहिलेलं असावं. पण जिवंत माणूस समोर उभा आहे, सभासद करा म्हणतोय, आणि आपण त्याच्या बापाची थकबाकी काढतो! सावकारसुद्धा आधी बस म्हणतो, पाणी देतो, मग वही उघडतो.

असो. सल्ला चालला होता.

तिसरा उपाय: उपदेश पन्नास मिनिटांच्या खाली आणू नये.

चौथा: तरुणांना नाताळच्या नाटकात मेंढपाळ करावं आणि जानेवारीत विसरावं.

पाचवा, पोरांनी नवी चाल आणली की "आपल्या परंपरेत बसत नाही" म्हणावं. टिळकांच्या आधी मराठी उपासनेत बरीचशी भाषांतरित गीतं विलायती चालींवर गायली जायची. टिळकांनी अभंग-ओवी आत आणली तेव्हा तीही नवीच होती. आज त्यांच्याच नावानं आपण कीबोर्डला विरोध करतो, आणि कीबोर्डवाले पेटीला. दोघेही आठवड्यातून एकदा तालीम करत नाहीत, यावर मात्र एकमत आहे.

सहावा उपाय नात्यागोत्याचा. मंडळी का वाढते आणि का वाढत नाही, याचा अभ्यास करून ज्यानं जगभर नाव कमावलं, तो डॉनल्ड मॅकगॅव्हरन आपल्या शेजारचाच. जन्म 1897 चा, मध्य प्रदेशातल्या दमोहचा. बरीच वर्षं त्याच भागात मिशनरी होता. इतकी शाळा-दवाखाने चालवून माणसं मोजकीच का येतात, आणि दुसरीकडे झुंडीनं का येतात, हा प्रश्न त्याला छळायचा. 1955 साली पुस्तक लिहून त्यानं उत्तर दिलं, की माणूस एकटा तुटून येत नाही. भाऊ, मेहुणा, मावसभाऊ अशा नात्यांच्या पुलावरून घराणी येतात. जातीतल्या जातीत मंडळ्या उभ्या राहिल्या तर जात तशीच राहील, अशी टीका त्याच्यावर झाली आणि तीही बरोबरच होती. आपण मात्र त्याचंही ऐकलं आणि टीकाकारांचंही. भाऊ, मेहुणा, मावसभाऊ सगळे गोळा केले, पण समितीच्या निवडणुकीसाठी! एरवी वर्षभर न दिसणारी आडनावं मतदानाच्या रविवारी तीन-तीन बाक भरून बसतात. पुलावरून वरात येते, मत टाकते आणि परत जाते.

सातवा... की आठवा? मिळकत. हा उपाय मोठा खर्चिक आहे, पण गुण हमखास. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा प्रॉटेस्टंट परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, सगळे एका ताटात. ऐक्य झालं आणि जागांचा सातबारा कुणाच्या नावावर हा प्रश्न उरला. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीच्या मिळकतीचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, निकाल 2013 मध्ये लागला. म्हणजे त्रेचाळीस वर्षं! तेवढ्यात बायबलातले इस्राएल लोक अरण्यातून बाहेर पडून कनानात स्थिरावलेसुद्धा. आपलं प्रकरण त्यामानानं बाळबोध. दोन गट, दोन समित्या, धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त बदलल्याचे दोन चेंज रिपोर्ट, आणि दोन्ही गटांच्या वकिलांची फी एकाच दानपेटीतून. संडे स्कूलच्या पोरांना बिस्किटांना पैसे नाहीत. हंगामाच्या सणाला लिलावात एक कोंबडी अठराशेला गेली. ते अठराशे पुढच्या तारखेला स्टँपपेपरात विरघळले. त्या कोंबडीचं नाव खटल्यात पक्षकार म्हणून घालायला हवं, तिनं सगळ्यांपेक्षा जास्त दिलंय.

यापुढचे आकडे मी विसरलो. घ्या कुठलाही.

आणि हे सगळं करून बाकं रिकामी दिसली की बाहेरच्याकडे बोट दाखवावं. जमाना, मोबाईल, सरकार. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती साधारण 10 लाख 80 हजार, शेकडा एकालाही कमीच. बाहेरची अडचण खोटी नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं दलित ख्रिस्त्यांना अनुसूचित जातीच्या सवलतींतून वगळलं. शीख आणि बौद्धांसाठी तो नंतर बदलला, आपल्यासाठी नाही. पोराच्या ॲडमिशनपायी कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, अशी कसरत करणारी घरं तुम्हीही ओळखता आणि मीही. त्यांना मी हसणार नाही. पण भाचीला खिडकीपासून उठवायचा आदेश दिल्लीहून आला नव्हता.

आता ती जाते टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. पत्र्याचं छत, प्लास्टिकच्या खुर्च्या, आवाज असा की खालचे टायर पंक्चर व्हावेत. मी एकदा जाऊन आलो. मला नाही पटलं. दर तिसऱ्या वाक्याला हालेलुया, दशांशाचा, म्हणजे कमाईच्या दहाव्या हिश्श्याचा, तगादा, समिती नाही की हिशेब नाही. पाळकांचं सगळं आहे आणि उद्या त्यांच्या मुलाचं होईल. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मामा, खरंय. पण पहिल्या दिवशी तिथल्या एका ताईनं विचारलं, रात्रपाळी करून आलीस का, काही खाल्लंस का? चहा आणि पाव दिला. संध्याकाळी मेसेज आला, पोचलीस का नीट."

चहा आणि पाव. यासाठी सभा लागत नाही, ठराव लागत नाही. पंडिता रमाबाईंनी 1897 च्या दुष्काळात शेकडो मुली आणल्या, केडगावला 'मुक्ती' हा त्यांचा आश्रम उभा राहिला, तेव्हा आधी अन्न, आसरा आणि शाळा दिली. 1905 साली मुक्तीत जे संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी जागृती, झालं त्यावर आपण अजून शिबिरं भरवतो, आणि शिबिरात जेवणाचे कूपन ज्याच्याकडे नाही त्याला रांगेतून काढतो. ऐकलंत? रांगेतून काढतो. मागच्या मे महिन्यात काढलंय, मी उभा होतो तिथं.

बास झाली चेष्टा. समितीतल्या काकांनो, तुम्हाला लाज कशी वाटत नाही? पन्नास कुटुंबं मंडळी सोडून गेली तीही काय कोणी पळवून नेली? तुम्ही भिंतीला रंग दिलात, कोर्टात तारखा घेतल्यात, आणि गेलेल्यांपैकी एकाच्याही दारावर थाप मारली नाहीत. पाळकसाहेब, घरभेटी कधी केल्यात शेवटच्या? वर्गणीच्या पावत्या वाटायला आलात ती भेट धरू नका. मावशी, जागा तुमची नाही. सासूबाईंचीही नव्हती. आणि कयरमधल्या त्या बेस गाणाऱ्याला, म्हणजे मला, कडवं मध्येच सोडून खाली उतरता आलं असतं. माझ्यावाचून गीत काही अडलं नसतं.

सेक्रेटरीसाहेब, तिला एक फोन करा. दाखल्याचं काढू नका, नुसतं कशी आहेस विचारा. नंबर रजिस्टरात आहे, तुम्हीच लिहून घेतलाय.