तीन इंच लिफ्ट, मड टायर आणि रावेरची काळी माती : एका प्रतिक्रियेला उत्तर

रोज वापरायच्या एसयूव्हीला लिफ्ट करू नका, म्हणजे स्प्रिंग-पाट्यांत भर घालून गाडीची बॉडी उंच करू नका, आधी टायर आणि पाटे (मागच्या लीफ स्प्रिंग) बघा, असं मागच्या लेखात लिहिलं होतं. त्याखाली रावेरकडच्या एका वाचकाची प्रतिक्रिया आली: "भाऊ, कसाले एवढं घाबरवता लोकांना? माझ्या चुलतभावाच्या बोलेरोला तीन इंच लिफ्ट अन् मड टायर आहेत. दोन वर्षं झाली, काही झालं नाही. तुमचे ऑल टेरेन टायर आमच्या काळ्या मातीत पाच मिनिटांत गुळगुळीत होतात. माझीपण बोलेरोच आहे, रोज जळगावला जाते, मळ्यातपण जाते. डांबरावर बसून लिहिणं सोपं असतं."

राम राम भाऊ. काळ्या मातीबद्दल तुम्ही म्हणता ते सोळा आणे खरं आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि माती दोन्हीला चालणारा टायर. त्याच्या खाचा अरुंद असतात. ओली काळी माती एकदा त्यात भरली की बाहेर पडत नाही आणि टायर डांबरी रोलरसारखा सपाट होतो. मड टायरच्या खाचा रुंद, त्यामुळे चाक जोरात फिरलं की माती फेकली जाते. पण ती फेकायला चाकाला वेग लागतो, आणि तुमची बोलेरो फक्त मागच्या चाकांवर चालते. डिफरन्शिअल (इंजिनाची ताकद दोन्ही मागच्या चाकांत वाटणारे गिअर) साधं असेल तर ज्या चाकाला पकड नाही तेच गरगरतं आणि दुसरं उभं राहतं. म्हणजे मड टायर लावूनही एकाच चाकाने खड्डा खणायचा. दोन पाऊस सलग पडल्यावर तर मड टायरही भरतातच. ट्रॅक्टरवाला जिथे वाफसा येईपर्यंत थांबतो, तिथे सोळाशे किलोच्या आसपासची गाडी घालायची म्हणजे टायर कुठलाही असो, शेवटी ट्रॅक्टरच बोलवायचा.

मळ्याच्या रस्त्यावर मुरूम टाकलेला असेल आणि वर चार बोटं चिखल असेल, तर हिशोब उलटा होतो. तिथे अरुंद टायर चिखल कापून खालच्या कडक थराला लागतो, रुंद टायर वरच्यावर घसरतो. बोलेरोचा मूळचा 215 मिलिमीटर रुंदीचा टायर या कामाला चांगला आहे. नुसती मातीच असेल, खाली तळ नसेल, तर हवा 20-22 पीएसआयपर्यंत उतरवा. टायर पसरतो आणि कमी रुततो. मात्र डांबराला लागण्याआधी ती परत भरायचीच, त्यासाठी 12 व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर डिकीत ठेवा. 20 पीएसआयवर भुसावळपर्यंत सत्तरने गेलात तर टायरची बाजू दर फेऱ्याला वाकून इतकी तापते की आतले धागे सुटतात. ते बाहेरून दिसत नाही. टायर फुटतो तो पुढे कधीतरी भर उन्हात, गाडी भरलेली असताना.

आता लिफ्टचं. तीन इंचांनी भावाच्या गाडीचं नेमकं काय उचललं गेलं?

बोलेरोचा मागचा एक्सल अखंड आहे. त्याच्या मधोमध असलेला डिफरन्शिअलचा गोळा जमिनीपासून किती वर राहणार हे टायरची त्रिज्या ठरवते. पाट्याखाली ब्लॉक टाका, लांब शॅकल लावा, जादा पाटा चढवा, चेसिस वर जाईल, बंपर वर जाईल, गोळा होता तिथेच राहील. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनी पडलेल्या चाकोऱ्यांमध्ये मधला उंचवटा सगळ्यात आधी घासतो तो या गोळ्यालाच. एकदा गाडीखाली वाकून बघा. गोळ्याच्या तळाचा रंग उडून लोखंड चकाकत असेल, तर तुमची अडचण लिफ्टने सुटणारी नाही. बांध चढताना पुढचा बंपर लागत असेल किंवा नाल्यातून निघताना मागचा टेकत असेल, तरच लिफ्टचा काही उपयोग.

गोळा टायरने किती उचलतो तेही मोजून टाकू. मूळ साइझ 215/75 आर 15, व्यास साधारण 703 मिलिमीटर. 235/75 आर 15 घातला तर 733. व्यास 30 ने वाढला, म्हणजे गोळा 15 मिलिमीटर वर गेला. दीड सेंटिमीटर! त्याच्या बदल्यात मीटरवर 80 दिसतील तेव्हा गाडी 83 ने पळत असेल, प्रत्येक गिअर चार टक्क्यांनी लांब होईल आणि चढाला गिअर एक पायरी आधी पाडावा लागेल. ओडोमीटरही चार टक्के कमी धावेल. "मोठे टायर टाकल्यावर अ‍ॅव्हरेज पडलं" या तक्रारीतला बराचसा भाग तिथला असतो, डिझेल तेवढं गेलेलं नसतं. चाकोरीवर यापेक्षा फुकटचा उपाय म्हणजे एका बाजूची चाकं मधल्या उंचवट्यावर आणि दुसऱ्या बाजूची चाकोरीबाहेर ठेवून चालवणं.

आणि लिफ्ट मागणाऱ्या बऱ्याच गाड्या मुळात बसलेल्या असतात. डीएपीच्या सहा गोण्या म्हणजे 300 किलो, वर मागे तीन माणसं, असं चार-पाच वर्षं चाललं की पाट्यांची कमान जाते. सपाट फरशीवर रिकामी गाडी उभी करा, हवा बरोबर करा, आणि चारही चाकांना हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ वर टेप लावा. डाव्या-उजव्यात 10-12 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, किंवा तशाच नव्या गाडीपेक्षा मागचा आकडा 25-30 ने कमी असेल, तर पाटे गेले. जुन्या पाट्यांना ठोकून कमान देणारे कारागीर आहेत, पण थंड ठोकलेली कमान फार टिकत नाही. नवा संच घ्या, सोबत पिन आणि बुश (पाट्यांच्या टोकांत बसणारी रबरं) नवे. पाटे एक्सलला बांधून ठेवणारे यू-बोल्ट एकदा आवळले की ताणले जातात, तेही जुने परत वापरू नका. 500 किलोमीटर झाले की सगळे यू-बोल्ट पुन्हा आवळायचे. हे राहिलं तर सेंटर बोल्ट तुटतो, एक्सल एका बाजूला मागे सरकतो आणि गाडी तिरकी पळायला लागते.

फिटरकडे उभं राहून एवढी एक गोष्ट बघाच: बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी हवी. जॅकवर, चाकं लोंबकळत असताना आवळलं तर रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडलं जातं. मग गाडी खाली आल्यापासून ते कायम पिळलेलं राहतं, काही महिन्यांत फाटतं, आणि खापर फुटतं "डुप्लिकेट बुश"वर.

"दोन वर्षं काही झालं नाही" यावर वाद घालत नाही. फक्त भावाची गाडी पिटवर घ्या आणि बघा.

पुढे स्प्रिंगवर स्पेसर (उंची वाढवणारी चकती) असेल. स्प्रिंग आर्मच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याच्या, मधल्या भागात बसते, म्हणून 25 मिलिमीटरचा स्पेसर चाकापाशी दीडपट ते दुप्पट उंची देतो. त्याने आर्म खाली लोंबतात आणि आर्मला चाकाशी जोडणारा बॉल जॉइंट त्याच्या हद्दीच्या टोकाशी काम करतो. बॉल जॉइंटचं रबर फाटलंय का, ग्रीस बाहेर आलंय का, ते पाहा. शॉकअप मूळ लांबीचेच असतील तर स्पीडब्रेकर उतरताना ठक् असा आवाज येतो. चाक खाली जायला बघतं आणि शॉकअप आधीच पूर्ण ताणलेला असतो. सील तिथूनच जातं, नळीवर तेलाचा ओघळ दिसेल. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबरी बफर कोंबलेले असतील तर आजच काढा. बफर एक वेढा काम करण्यापासून अडवतो, त्याचा भार शेजारच्या वेढ्यांवर जातो आणि स्प्रिंग तिथेच मोडते.

मागे लिफ्ट जास्त आणि पुढे कमी असेल तर गाडी नाकावर झुकते. बोलेरोचा व्हीलबेस 2680 मिलिमीटर, म्हणजे मागून 50 ने जादा उचललं की साधारण एक अंश कॅस्टर (पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) जातो. कॅस्टर गेला की स्टिअरिंग सोडल्यावर सरळ येत नाही, ट्रक शेजारून गेला की गाडी हलते. भावाला विचारा, सरळ रस्त्यावर सारखं स्टिअरिंग सावरावं लागतं का. सत्तर-ऐंशीच्या वेगात पायाखाली थरथर येत असेल तर प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन वाढलाय आणि त्याचा क्रॉस, म्हणजे सांधा, खातोय.

सगळ्यात धोक्याची गोष्ट मात्र दिसत नाही. एबीएस नसलेल्या बऱ्याच गाड्यांत मागच्या एक्सलपासून चेसिसवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत बारीक दांडी जाते. एक्सल आणि चेसिसमधलं अंतर पाहून तो व्हॉल्व्ह ठरवतो की गाडी भरलेली आहे की रिकामी, आणि त्याप्रमाणे मागच्या ब्रेकला दाब देतो. लिफ्ट केली की अंतर कायमचं वाढतं. मग व्हॉल्व्हला गाडी नेहमी रिकामीच वाटते आणि गोण्या भरलेल्या असतानाही मागचे ब्रेक अर्धवट लागतात. रोजच्या रस्त्यावर कळणार नाही. कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरताना, गाडी भरलेली असताना कळेल. मागच्या एक्सलकडे जाणारा ब्रेकचा रबरी पाइपही चाक पूर्ण लोंबवून बघा. तो ताठ होत असेल तर विषय संपला, लिफ्ट काढायची.

कायद्याचं एका दमात सांगतो. कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आड येतं, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच उचलून धरलं, आणि 2019 च्या दुरुस्तीतल्या 182अ कलमात मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलाला 5000 रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नाक्यावर कोणी टेप लावत नाही हे मलाही माहीत आहे. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर लावतो.

राहिले टायर. गाडी रोज सावदा-भुसावळमार्गे जळगावला जाते, म्हणजे वर्षातला बहुतेक प्रवास डांबरावरचा, त्यात मे महिन्यातली 45 अंशांची दुपार. मड टायरचे उंच ठोकळे गरम डांबरावर हलत राहतात, तापतात, कडा झिजतात, आणि काही महिन्यांत घूंऽऽ असा आवाज गाडीत भरतो. जूनच्या पहिल्या सरीत, धूळ आणि ऑइल वर आलेल्या रस्त्यावर, जमिनीला टेकलेलं रबर कमी असल्याने ब्रेकही लांब लागतो. म्हणून मूळ साइझमध्येच, खांद्यावर मोठे ठोकळे असलेला ऑल टेरेन घ्या. मधली नक्षी दाट आणि कडेची मोकळी, असा. बाजूची भिंत जाड हवी. आपल्याकडे टायर चिखलाने कमी मरतात, बाभळीच्या काट्याने, कापलेल्या पऱ्हाटीच्या खुंटाने आणि सातपुड्यातल्या पाल गावाकडच्या धारदार दगडाने जास्त मरतात. नक्षीतलं पंक्चर निघतं, बाजूचा काप निघत नाही.

दुकानात साइझच्या पुढचा आकडा वाचा. 100 म्हणजे एका टायरला 800 किलो, 105 म्हणजे 925. मूळ टायरवर आहे त्यापेक्षा कमी कधीच घेऊ नका. साइझच्या आधी 'एलटी' (लाइट ट्रक) असेल तर तोच भार पेलायला हवा जास्त लागते, दारावरच्या कागदावरचा हवेचा आकडा त्याला चालत नाही. चार आकडी छापात 2325 असेल तर तो 2025 च्या 23व्या आठवड्याचा टायर. शोरूममध्ये तीन उन्हाळे काढलेला माल स्वस्त मिळाला तरी सोडा. हवा सकाळी, गाडी निघायच्या आधी तपासा. दुपारी तीच 4-5 पीएसआय जास्त दिसेल, ती काढायची नाही. काढली तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर तेवढाच कमी भरलेला असतो.

तुमच्या बोलेरोचे चार आकडे, हबपासून मडगार्डपर्यंतचे, रिकाम्या गाडीचे आणि गोण्या भरल्यावरचे, खाली लिहून टाका. डिफरन्शिअलच्या तळाचा फोटोही जोडा. पाटे बदलायचे की नुसते टायर, ते त्यावरून सांगता येईल. भावाच्या गाडीला तो व्हॉल्व्ह आहे का, तेवढं मात्र उत्तराची वाट न बघता आजच पाहून घ्या.