जंगलाचीच जागा का लागते? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही स्वतः डेटा सेंटर (इंटरनेटवरची माहिती साठवणारी आणि हाताळणारी संगणकांची मोठी केंद्रं) उभारणीच्या क्षेत्रात आहात आणि मुद्देसूद लिहिलं आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते.

वनजमिनीवर डेटा सेंटरला परवानगी देऊ नये, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी जिथे लिहिते ते पानसुद्धा कुठल्यातरी डेटा सेंटरमध्येच साठवलेलं असतं, त्यामुळे माझा विरोध पोकळ आहे. ज्याला मी जंगल म्हणते ते पुष्कळदा वनखात्याचं रोपवन असतं. तोडली त्याच्या दुप्पट झाडं लावता येतात. एकूण वनक्षेत्राच्या मानाने ही जमीन नगण्य आहे. आणि शेवटी आयर्लंडमधल्या अथेनरी गावाजवळच्या ॲपलच्या रद्द झालेल्या डेटा सेंटरचं उदाहरण देऊन तुम्ही विचारलं आहे, की दोन-चार हरकतदारांमुळे एवढी गुंतवणूक निघून गेली, यात कुणाचं भलं झालं?

पहिल्या आक्षेपाबद्दल फार लिहीत नाही. डेटा सेंटर लागतात, मी ती वापरते, उद्या आणखी वापरेन. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरनी सुमारे ४१५ टेरावॉट-तास वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण वीजवापराच्या साधारण दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ च्या आसपास जाईल असं तीच संस्था म्हणते. एवढी वाढ होणार असेल तर नवी केंद्रं मोठ्या संख्येने उभी राहणार हे उघड आहे. ती कुठे उभी राहावीत हे ठरवायची वेळ म्हणूनच आत्ताची आहे. वापरणाऱ्याने जागेबद्दल बोलू नये, हा नियम लावला तर मग बोलायला उरतंच कोण?

माझा खरा मुद्दा तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच आलेला नाही, म्हणून तो पुन्हा मांडते. खनिज जिथे असेल तिथेच खाण काढावी लागते. धरण नदीवरच बांधावं लागतं. तिथे जंगल आड आलं तर निदान वाद घालण्यासारखी अडचण असते. डेटा सेंटरची गोष्ट तशी नाही. त्याला भरवशाची वीज हवी, शक्यतो दोन वेगळ्या उपकेंद्रांतून. दोन-तीन वेगवेगळ्या वाटांनी येणारी फायबर, म्हणजे प्रकाशातून माहिती वाहून नेणारी केबल हवी. उष्णता बाहेर टाकायची सोय हवी. सपाट, पूर न येणारी जमीन आणि पुढे वाढायला जागा हवी. यातली एकही गोष्ट फक्त जंगलातच मिळते असं नाही. उलट वीज आणि फायबर तिथवर न्यायला आणखी जंगल तोडावं लागतं.

‘ग्राहकाच्या जवळ असावं लागतं’ हे कारण नेहमी सांगितलं जातं. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. म्हणजे केंद्र ५० किलोमीटर लांब नेलं, तर संदेश जाऊन परत यायला अर्धा मिलिसेकंद जास्त लागेल. दोन केंद्रांत एकाच क्षणी व्यवहाराची नोंद ठेवणाऱ्या बँकेला हा फरक मोजावा लागतो, हे मला मान्य आहे. पण व्हिडिओ, मेल, फोटोंची साठवण यांना तो जाणवणारही नाही, आणि आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या एआय मॉडेलच्या प्रशिक्षणाला तर मुळीच नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत जी मोठमोठी केंद्रं जाहीर होत आहेत, त्यांतली पुष्कळशी याच कामासाठी आहेत.

मग जंगल का निवडलं जातं? कारण तिथे मालक एक असतो, बहुतेकदा सरकार. एका सहीवर शेकडो एकर मिळतात. घरं उठवावी लागत नाहीत, शेतकऱ्यांशी बोलणी करावी लागत नाहीत, आणि किंमत मुख्यतः जमिनीची लागते. जंगल पाणी मुरवतं, माती धरून ठेवतं, आजूबाजूची हवा थंड ठेवतं, याची पूर्ण रक्कम कंपनीच्या ताळेबंदात क्वचितच येते. शंभर खातेदारांकडून पडीक जमीन गोळा करणं किती जिकिरीचं असतं, हे तुम्ही लिहिलं आहे. ती जिकीर खरी आहे. पण तिचा खर्च प्रकल्पाने सोसावा, तो जंगलाच्या खात्यावर टाकू नये, एवढंच मी म्हणते आहे.

आणि पर्याय हवेतले नाहीत. फिनलंडमध्ये हामिना इथे गूगलने २००९ मध्ये बंद पडलेली कागद गिरणी विकत घेतली. समुद्राचं पाणी आत आणणारा गिरणीचा जुना बोगदा तिथे होताच, तोच शीतकरणाला वापरला. अमेरिकेत अलाबामा राज्यात विडोज क्रीक हे कोळशाचं औष्णिक केंद्र बंद होत असताना त्याच जागेवर डेटा सेंटर करायचं २०१५ मध्ये जाहीर झालं, कारण उच्चदाब वाहिन्या आधीच तिथवर पोचलेल्या होत्या. बंद गिरण्या, निवृत्त वीज केंद्रं, ओसाड पडलेल्या औद्योगिक वसाहती कुठल्या देशात नाहीत? त्या साफ करायला पैसा लागतो. जमीन दूषित असेल तर आणखी लागतो. जंगल स्वस्त वाटतं ते याच तुलनेत.

आता अथेनरी. हे उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं, कारण या विषयात त्याइतकं शिकण्यासारखं दुसरं फारसं नाही. ॲपलने फेब्रुवारी २०१५ मध्ये दोन केंद्रं एकाच वेळी जाहीर केली, एक आयर्लंडमधल्या अथेनरीजवळ आणि एक डेन्मार्कमधल्या व्हिबोर्गजवळ. अथेनरीची जागा म्हणजे डेरीडॉनल हे सरकारी वनसंस्थेकडचं जंगल. खर्च ८५ कोटी युरो. सप्टेंबर २०१५ मध्ये स्थानिक कौन्सिलने परवानगी दिली, ऑगस्ट २०१६ मध्ये राष्ट्रीय नियोजन मंडळाने ती कायम केली, ऑक्टोबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने आव्हान फेटाळलं, हरकतदार सर्वोच्च न्यायालयाकडे निघाले, आणि मे २०१८ मध्ये कंपनीने प्रकल्प सोडून दिला. गावातल्या पुष्कळ लोकांना प्रकल्प हवा होता, त्यांनी त्याच्या बाजूने मोर्चाही काढला होता. त्यांची निराशा मी हलकी लेखत नाही. शहराबाहेरच्या गावात असं काही येणं म्हणजे काय, हे तिथे राहणाऱ्यालाच कळतं.

पण हरकत काय होती, ते तुमच्या प्रतिक्रियेत नाही. परवानगी मागितली होती एका डेटा हॉलसाठी, म्हणजे संगणक ठेवायच्या एका इमारतीसाठी. नकाशावरचा पूर्ण आराखडा आठ हॉलचा होता, पुढच्या पंधरा वर्षांत बांधायचा. हरकतदारांचं म्हणणं होतं, की पर्यावरणावरचा परिणाम एका हॉलचा मोजू नका, आठही हॉलचा मोजा, कारण पहिला हॉल एकदा जंगलात उभा राहिला की बाकीचे सात दुसरीकडे कोण नेणार? न्यायालयाने हा मुद्दा कायद्याच्या कसोटीवर मान्य केला नाही. नागरिक म्हणून मला तो आजही बिनतोड वाटतो. वीज लागणार आठ हॉलची, वाहिनी येणार आठ हॉलची, आणि परीक्षा फक्त एका हॉलची.

शिवाय व्हिबोर्गचं काय झालं ते पाहा. तिथलं केंद्र उभं राहिलं आणि २०२० पासून चालू आहे. ती जागा देशातल्या एका मोठ्या वीज उपकेंद्राच्या शेजारची होती. दोन्ही ठिकाणी कंपनी एकच, जाहीर केल्याचा दिवसही एकच. हरकती घेणारे लोक, न्यायालयांचा वेग, नियोजनाचे कायदे, हे सगळं दोन देशांत वेगळं आहे हे धरूनही, जागेच्या निवडीने किती फरक पडतो हे यातून दिसतं. तीन वर्षं गेली ती दोन-चार माणसांमुळे, असं म्हणणं सोपं आहे. मला वाटतं ती जंगलातली जागा निवडल्यामुळेही गेली.

पुढे आयर्लंडमध्ये काय घडलं हेही सांगायला हवं. अथेनरीनंतर सरकारने डेटा सेंटरना नियोजनाची वाट मोकळी करून दिली. २०१५ मध्ये देशातल्या मोजलेल्या वीजवापरात डेटा सेंटरचा वाटा ५ टक्के होता, २०२३ मध्ये तो २१ टक्के झाला, म्हणजे शहरी भागातल्या सगळ्या घरांच्या एकत्रित वापरापेक्षाही जास्त. तेव्हा एक प्रकल्प गेला म्हणून उद्योगच पळून जातो, ही भीती निदान त्या देशात खरी ठरलेली नाही.

‘नगण्य जमीन’ या मुद्द्यावर तुम्हीही कागद घेऊन बसावं अशी विनंती आहे. समजा, जंगलाच्या मध्यावर ४० हेक्टरचा चौकोन मोकळा केला. त्याची एक बाजू साधारण ६३० मीटर. जंगल कापलं की नव्या कडेवर ऊन आणि वारा आत शिरतो, जमीन कोरडी पडते, मोठी झाडं उन्मळतात. ब्राझीलमध्ये मनाऊसजवळ १९७९ पासून चाललेल्या जंगलाच्या तुकड्यांच्या अभ्यासात असे परिणाम कडेपासून १०० मीटर आणि काही बाबतींत त्याहून बरेच आतपर्यंत दिसले आहेत. फक्त १०० मीटर धरले तरी चौकोनाभोवती आणखी २८ हेक्टर बाधित होतात. त्यात तीन किलोमीटर लांब आणि ४० मीटर रुंद वीजवाहिनीचा पट्टा घाला. तोड १२ हेक्टरची, पण दोन्ही कडा मिळून बाधित ६० हेक्टर. अर्जावर दिसतील ५२ हेक्टर, जंगलाला भोगावे लागतील १४०. आणि यात अहोरात्र चालणाऱ्या पंख्यांचा आवाज, रात्रीचे दिवे, डिझेल जनरेटरच्या चाचण्या आणि आग लागू नये म्हणून साफ ठेवलेला पट्टा मी मोजलेलाच नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार जगातल्या उरलेल्या जंगलापैकी ७० टक्के जंगल कुठल्या ना कुठल्या कडेपासून एक किलोमीटरच्या आत आहे. नवी कड पाडली की ती बहुतेकदा आधीच पोखरलेल्या जंगलातच पडते.

रोपवनाच्या मुद्द्यात तथ्य आहे. डेरीडॉनलमध्येही बरीचशी बाहेरून आणलेल्या सूचिपर्णी झाडांची लागवडच होती. एकाच जातीच्या झाडांच्या रांगा आणि शेकडो वर्षांचं मिश्र जंगल यांना मी एका पारड्यात घालत नाही. पण ‘हे खरं जंगल नाही’ हे ठरवायचं कुणी? अर्जदाराने नेमलेल्या सल्लागाराने, कोरड्या हंगामात चार दिवस फिरून? निदान वर्षभराच्या सगळ्या ऋतूंतलं सर्वेक्षण हवं आणि ते करणाऱ्याचे पैसे अर्जदाराच्या हातात नकोत. कागदावर जंगल नाही म्हणून जंगल नाही, हा युक्तिवाद तर आपण ताजाच पाहिला. हैदराबाद विद्यापीठाशेजारच्या कांचा गच्चीबावलीची ४०० एकर जमीन आयटी उद्योगासाठी द्यायची होती. नोंदीत ती वनजमीन नाही, असं तेलंगण सरकार म्हणत होतं. मार्च २०२५ च्या शेवटी यंत्रं आत गेली आणि सुमारे १०० एकरांवरचा झाडोरा काही दिवसांत गेला, तेव्हा ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन तोड थांबवली. याच न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशात सांगून ठेवलं आहे, की मालकी कुणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे वन आहे त्यालाही वनाचा कायदा लागू होतो.

दुप्पट झाडांचं आश्वासन मी आता ऐकून घेऊ शकत नाही, आणि त्याला कारण आहे. भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये भरपाईच्या वनीकरणाचा हिशेब तपासला. २००६ ते २०१२ या काळात वनजमिनीच्या बदल्यात १,०३,३८१ हेक्टर वनेतर जमीन मिळायला हवी होती. मिळाली २८,०८६ हेक्टर. प्रत्यक्ष वनीकरण झालं ७,२८० हेक्टरांवर, म्हणजे देणं असलेल्या जमिनीच्या सात टक्के. तोड आज होते आणि लागवड पुढच्या कुठल्यातरी आर्थिक वर्षात. लागवड आधी करा, ती दहा वर्षं जगलेली दाखवा आणि मग तोडीचा अर्ज आणा, असं म्हटलं तर किती कंपन्या तयार होतील, ते तुम्हीच सांगा.

रोजगाराबद्दल एवढंच, की अथेनरीच्या ८५ कोटी युरोंमागे कायमच्या नोकऱ्या सांगितल्या गेल्या होत्या १५०. बांधकामाचं काम मिळतं, ते संपतंही. स्थानिक करातून मिळणारं उत्पन्न हा जास्त वजनदार मुद्दा आहे, आणि ते उत्पन्न केंद्र त्याच तालुक्यातल्या पडीक जागेवर झालं तरी मिळतंच.

तुम्ही विचारलं आहे, की मग मला नेमकं हवं तरी काय. जनसुनावणीच्या आधी तीन गोष्टी लोकांच्या हातात हव्यात. विचारात घेतलेल्या सगळ्या जागांची यादी आणि प्रत्येक जागा का नाकारली त्याचं कारण. पहिल्या टप्प्याचा नव्हे, शेवटच्या टप्प्यापर्यंतचा पूर्ण आराखडा. आणि त्या पूर्ण आराखड्याला लागणारी वीज आणि पाणी यांचे आकडे. व्यावसायिक गुपिताच्या नावाखाली यातलं काही झाकता येऊ नये. ऑरेगन राज्यातल्या द डॅल्स या छोट्या शहरात गूगलचं केंद्र किती पाणी घेतं, हे एका वृत्तपत्राने विचारलं, तर आकडे द्यावे लागू नयेत म्हणून शहर प्रशासनच न्यायालयात गेलं. वर्षभराहून अधिक काळ भांडण चाललं. शेवटी आकडे बाहेर आले तेव्हा कळलं, की शहराच्या एकूण पाण्यापैकी चौथ्या हिश्शाहून जास्त पाणी एकटं ते केंद्र वापरत होतं. ज्यांच्या नळाचं पाणी आहे त्यांनाच ते कळू नये, ही गुप्तता कुठल्या व्यवसायाला लागते?

तुम्ही या क्षेत्रात आहात, जागा निवडण्याच्या बैठकांना बसला असाल. त्या तुलनेच्या तक्त्यात विजेला, फायबरला, जमिनीच्या दराला किती गुण असतात, आणि जंगल असलेल्या जागेचे गुण कापले जातात की ‘मालक एकच’ म्हणून वाढवले जातात? कंपनीचं नाव न घेता हे लिहिता आलं तर जरूर लिहा. तुमचा मजकूर काटछाट न करता, स्वतंत्र लेख म्हणून इथे छापेन.