गोधडीला कोरं कापड घेऊ नका

ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘हाताने गोधडी शिवणं सोपं करायचंय? कोरं जाड कापड घ्या, मोठी सुई घ्या, दोरा लांब ठेवा आणि मधोमध सुरुवात करा.’ पहिलीच गोधडी शिवायला बसलेल्या मुलींची बोटं याने सोलून निघतील, म्हणून लिहितेय.

सगळ्यात चुकीचं आहे ते कोऱ्या कापडाचं. त्यात खळ असते, वीण आवळलेली असते. असे तीन-चार थर एकावर एक आले की सुई शिरता शिरत नाही. शिवाय पहिल्या धुण्यात कापड आटतं. आपल्याकडे गोधडीत जुनी सुती लुगडी आणि धोतरं घालतात, ती फक्त काटकसर म्हणून नव्हे. शेकडो वेळा धुतलेलं सूत मऊ पडतं, आटायचं ते आधीच आटलेलं असतं आणि सुई त्यातून सरसर जाते. मात्र लुगडं आधी उजेडात धरून पाहा. विरलेला भाग आतल्या थरात घाला, वर घेऊ नका. काठ कापून बाजूला ठेवा, तिथे सुई हमखास अडते. पॉलिस्टरच्या साड्या तर नकोतच. त्या हाताखाली घसरतात आणि टाका ओढला की चुण्या पडतात.

मोठ्या सुईने टाके भरभर पडतील असं वाटतं खरं. पण जाड सुईला प्रत्येक थरातून ढकलावं लागतं आणि दुखतो तो अंगठा. आखूड, बारीक सुई घ्या. सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक, हे दुकानात लक्षात असू द्या. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची टोपी, घाला आणि तीन-चार टाके सुईवर घेऊन मगच दोरा ओढा.

दोरा हातभर पुरे. लांब दोरा गुंततो, कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन झिजतो. मेणावरून एकदा ओढून घेतलात तर गाठी कमी पडतील.

आता मधोमध सुरुवात करण्याचं. लाकडी चौकटीवर ताणलेल्या रजईला ते ठीक आहे. गोधडी आपण जमिनीवर अंथरून शिवतो. थर हाताने सारखे करायचे, कच्च्या टाक्यांनी टाचायचे आणि धावदोरा कडेने घालत आत यायचं. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, अशीच काठापासून मध्याकडे शिवत नेतात.