वावरात पाय न ठेवलेल्याचं उत्तर

'वऱ्हाडी कास्तकार' या नावानं मागच्या लेखाखाली आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो: "कॉफीच्या चोथ्यानं पालकात जस्त वाढतं म्हणे! चोथ्यात जस्त असतं किती? ताजा चोथा टाकला तर बी उगवत नाही, हे ठाऊक आहे का? पानं कधी तपासून घेतली? आणि विदर्भात कॉफी पितं कोण? वावरात पाय न ठेवलेल्यांनी आम्हाला शहाणपण शिकवू नये."

भाऊ, (ताई असाल तर माफ करा, टोपणनावावरून कळत नाही) शेवटच्या वाक्याबद्दल बोलू. असहमती चालते, पण ही बोलायची पद्धत झाली का? ज्याला तुम्ही ओळखत नाही, त्याचे पाय वावरात पडले की नाही हे तुम्ही कुठून पाहिलं?

अचलपूर तालुक्यात आमची संत्र्याची बाग होती. शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी, शेंड्याची पानं बारीक, असं झाड मी शाळेत जायच्या आधीपासून पाहतोय. बाबा दरसाल झिंक सल्फेटची थैली आणायचे, आळ्यात टाकायचे, आणि पानं पुढच्या बहाराला पुन्हा तशीच. पुढे कळलं की दोष थैलीचा नव्हता. आमची जमीन चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या वर. तिथे टाकलेलं जस्त विरघळेनासं होतं आणि मुळांच्या हाती लागत नाही. हे मी एसीत बसून शिकलो नाही, बाबांच्या चेहऱ्याकडे पाहून शिकलो. त्यामुळे 'शहाणपण शिकवू नये' हे मला लागलं, आणि लागलं हे लिहायला मला लाज वाटत नाही.

म्हणूनच चोथ्यात जस्त किती, हा प्रश्नच उलटा आहे. चोथ्याचं स्वतःचं जस्त नाममात्र, असं मी लेखातही लिहिलं होतं. चोथा जस्त देत नाही, टाकलेलं जस्त मुळांसाठी धरून ठेवतो. कॉफी भाजताना तयार होणारी काळपट द्रव्यं आणि तिच्यातले पॉलिफेनॉल धातूंना पकडतात. कृषी केंद्रात चिलेटेड झिंक (असं धरून ठेवलेलं जस्त) मिळतं, त्यात हेच काम ईडीटीए नावाचं रसायन करतं, फक्त हे रसायन मातीत लवकर कुजत नाही. स्पेनमध्ये ग्रॅनाडा विद्यापीठातल्या संशोधकांनी चोथ्यावर उष्णतेची प्रक्रिया करून त्याला जस्त आणि लोह जोडलं आणि लेट्यूसवर वापरून पाहिलं. मी काही ग्रॅनाडाचा नाही. मी शेणखताच्या ढिगात चोथा आणि झिंक सल्फेट मिसळून मुरवतो, मग पालकाच्या आणि सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) वाफ्यात टाकतो. चोथा ओला ढीग करून ठेवला की वर पांढरी बुरशी येते आणि आतून गोळा धरतो, म्हणून आधी तरटावर पातळ पसरून वाळवावा लागतो. वावरात पाय न ठेवलेल्या माणसाला हे कसं कळलं असेल बरं?

ताज्या चोथ्यानं उगवण मार खाते, मान्य. कॅफीन आणि टॅनिनमुळे तसं होतं. लेखाचा तिसरा परिच्छेद त्यावरच होता, वाचला असतात तर टायपिंगचे कष्ट वाचले असते.

विदर्भात चहाचंच राज्य आहे, हेही मान्य. पण राजेहो, महाराष्ट्रात कॉफीचे मळे आहेत ते आपल्याच चिखलदऱ्याला, आणि परतवाड्याहून वर जाणाऱ्या रस्त्यावर कॉफीच्या पाट्या तुम्हाला दिसल्या नसतील तर माझा इलाज नाही. चोथा हॉटेलवाले फुकट देतात, वर पोतं परत आणा म्हणतात.

पानं तपासली का, म्हणे. प्रयोगशाळेची फी तुम्ही भरता का?

तुमची प्रतिक्रिया डिलीट करत नाही. उलट एक करा, तुमच्या माती परीक्षणाच्या कागदाचा फोटो टाका. जस्त ०.६ पीपीएमच्या खाली, म्हणजे कमी, असेल तर पुढचं बोलू. आणि हो, मुक्त चुन्याचा रकाना कापून फोटो काढू नका.