रक्तदान शिबिराची तारीख कोण ठरवतं?

चौकात रक्तदान शिबिराचा फ्लेक्स दिसला की आधी तारीख बघा. वाढदिवस, मंडळाचा वर्धापनदिन, जयंती, 26 जानेवारी. रक्तपेढीला विचारून ठरवलेली तारीख फार क्वचित दिसते. माझं म्हणणं या तारखेपासून सुरू होतं, कारण आपली मिरवण्याची हौस तिथे पेशंटला नडते.

हौसेला माझा विरोध नाही. फोटोसाठी का होईना, कुणी 350 मिली रक्त दिलं तर पेशंटला ते तितकंच उपयोगी पडतं. पण रक्त फार दिवस साठवून ठेवता येत नाही. तांबड्या पेशी 2 ते 6 अंशांवर, पिशवीत कोणतं द्रावण आहे त्यानुसार 35 किंवा 42 दिवस टिकतात. प्लेटलेट फक्त 5 दिवस, त्याही 20 ते 24 अंशांवर सतत हलत्या ठेवून. शिवजयंतीला, 19 फेब्रुवारीला, शिबिरात गोळा झालेल्या पिशव्या फार तर 2 एप्रिलपर्यंत चालतील. टंचाई येते मे महिन्यात, कॉलेजं बंद आणि माणसं गावी गेलेली असताना. दुसरी टंचाई दिवाळीत. थॅलेसेमियाच्या, म्हणजे शरीरात रक्त नीट तयार न होण्याचा जन्मजात आजार असलेल्या मुलाला मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतंच, सुट्टी असो वा नसो.

त्यात विक्रमाचा हट्ट. एका दिवसात हजार पिशव्या! प्लेटलेट वेगळ्या करायच्या तर रक्त घेतल्यापासून 6 ते 8 तासांत पिशवी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वेगाने फिरवून रक्ताचे घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात, जायला हवी, आणि एका फेरीत मोजक्याच पिशव्या बसतात. उरलेल्यांतून प्लेटलेट मिळतच नाहीत. शिवाय त्या हजार जणांना पुढचे तीन महिने रक्त देता येत नाही, स्त्रियांना चार. म्हणजे एका फ्लेक्सवरच्या आकड्यासाठी अख्ख्या तालुक्याचे रक्तदाते एकदम संपतात.

याहून गंभीर गोष्ट तपासणीच्या टेबलावर घडते. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर, 1 जानेवारी 1998 पासून बंदी आली. कारण साधं होतं: पैशाची गरज असलेला माणूस आजार लपवतो. आज शिबिरात हेल्मेट, मिक्सर, ट्रॉली बॅग ठेवली की तेच लपवणं मागच्या दाराने परत येतं. मागचं रक्तदान दोनच महिन्यांपूर्वीचं, टॅटूला वर्ष झालेलं नाही, परवापर्यंत ताप होता, तरी फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’. हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली आलं तर कार्यकर्ते तंत्रज्ञाला गळ घालतात, ‘घ्या हो, धडधाकट आहे.’

भेटवस्तू नसली तरी लाज असते. मित्रांच्या रांगेत, सगळ्यांच्या कानावर जाईल अशा आवाजात असुरक्षित शरीरसंबंधांबद्दल विचारलं तर खरं कोण सांगेल? पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस हा गुप्तरोग, मलेरिया यांसाठी चाचणी होते. पण संसर्ग अगदी ताजा असेल तर चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. त्या काळात दात्याचं खरं उत्तर हाच मोठा आधार असतो, आणि प्रतिष्ठेपायी आपण तोच काढून घेतो.

म्हणून आयोजकांना माझा आग्रह आहे. तारीख छापायच्या आधी रक्तपेढीच्या जनसंपर्क अधिकाऱ्याला फोन करा. कोणत्या आठवड्यात, कोणत्या गटाच्या, किती पिशव्या हव्यात ते विचारा. पाचशेचं एक शिबीर घेण्याऐवजी पन्नास-साठची शिबिरं वर्षभर पसरा, त्यातलं एक मे महिन्यात आणि एक दिवाळीच्या आसपास. वाढदिवसाला रक्त घेण्याऐवजी इच्छुकांची नावनोंदणी करा आणि टंचाईच्या आठवड्यात त्यांना बोलवा. भेटवस्तू बंद करा. तपासणीचं टेबल रांगेपासून लांब, पडद्याआड ठेवा. स्टेजवर सत्कार करायचाच असेल तर सलग चौथ्यांदा आलेल्या दात्याचा करा. फ्लेक्सवर त्याचं नाव मोठं छापा, माझी काही हरकत नाही.

आणि दात्यांसाठी एक गोष्ट. संकोचापायी फॉर्मवर काही दडवलं असेल, तर घरी गेल्यावर त्याच दिवशी रक्तपेढीला फोन करा. प्रमाणपत्रावर किंवा कार्डावर पिशवीचा क्रमांक असेल तर तो सांगा, नसेल तर नाव, शिबिराची जागा आणि वेळ सांगा. ‘माझं रक्त वापरू नका’ एवढं म्हटलं तरी पुरतं. ते पिशवी बाजूला काढतात.