तिकडं मरायची गाणी कोण म्हणतंय?

कोपरखैरण्यात आमच्या सोसायटीचं 26 जानेवारीचं झेंडावंदन म्हणजे सकाळी सातपासून डीजे. सिनेमातली तीच आठ-दहा गाणी, प्रत्येकात कुणीतरी मरतंय आणि मागे व्हायोलिन रडतंय. आवाज कमी करा म्हणायला गेलो, तर ‘अहो, देशभक्ती आहे’ एवढं ऐकून परत आलो.

मांडवाच्या कडेला मेजर बसले होते. (हवालदार म्हणून रिटायर झाले, पण साताऱ्याकडचा फौजी म्हटला की तो मेजरच.) मराठा लाइट इन्फन्ट्रीतले, कारगिलच्या वेळी वर होते. डीजेवाल्या पोराने विचारलं, ‘मेजर, बॉर्डरवर हीच गाणी म्हणायचात ना?’

मेजर हसले. ‘आरं, तिकडं मरायची गाणी कोण म्हणतंय? गवळण म्हणायचो. जेरीकॅनवर ठेका धरायचा. एकजण तर नुस्तं बायकोच्या नावाचं उखाणं घ्यायचा.’

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. हौतात्म्याची गाणी लागतात ती आपल्याला, घरी बसणाऱ्यांना. सैनिकाला गाणं हवं ते पाय उचलायला, नाहीतर घर आठवायला. आझाद हिंद सेनेचं ‘कदम कदम बढाये जा’ घ्या. चाल राम सिंह ठाकुरींची, ते मुळात गुरखा पलटणीतले. गाणं लावून चालून बघा, पाऊल आपोआप पडतं. मरणाचं नाव त्यातही येतं, पण जाता जाता. थांबून रडायला सवड नाही. इंग्रजांना ते एवढं झोंबलं की त्यांनी त्यावर बंदी घातली.

आणि दुसऱ्या महायुद्धातच उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मन आणि इंग्रज शिपाई एकमेकांवर गोळ्या झाडून रात्री एकच गाणं ऐकत होते, ‘लिली मार्लीन’. बराकीच्या फाटकाशी दिव्याखाली भेटणाऱ्या पोरीचं. देशाचा त्यात पत्ताच नाही.

आमच्या मराठ्यांचं तर आणखी वेगळं. 1941 साली इरिट्रियात केरेनच्या डोंगरावर ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही आरोळी घुमली. फौज इंग्रजांची, पगार इंग्रजांचा, शत्रू इटालियन आणि नाव महाराजांचं! गाणं नव्हेच ते, पण छातीचा भाता झालेला असताना चढावर एवढी एक ओळच झेपत असणार.

नाश्त्याला डीजे थांबला. मेजरांना माइक दिला तर नको म्हणाले. वडापाव मांडीवर ठेवून खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत त्यांनी गवळणीच्या दोन ओळी म्हटल्या. तिसरी आठवेना. ती पहिल्या मजल्यावरच्या आजींनी पुरी केली.